तुमच्या मॉडेलमध्ये एकच सिस्टिम तीनदा का दिसते? | एंटरप्राइज आर्किटेक्चर

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "मॉडेल बनवलं, दिसतंही झकास, पण वर्षभरानंतर त्याला कोणी विचारत नाही. काय करू?" कोणी चांगलं टूल विचारतंय, कोणी सर्टिफिकेशनबद्दल विचारतंय. टूल बदलून हा आजार जात नाही, तेव्हा आज त्यावरच बोलू.

बेसिक पटकन उरकतो. संस्था काय काम करते, ते काम कोणत्या ॲप्लिकेशनवर चालतं आणि ती ॲप्लिकेशन्स कोणत्या सर्व्हरवर, नेटवर्कवर उभी आहेत, याची जोडलेली मांडणी म्हणजे एंटरप्राइज आर्किटेक्चर. ही मांडणी टूलमध्ये उतरवली की झालं मॉडेल. जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये आयबीएमच्या जर्नलमध्ये आपली चौकट मांडली, आर्किटेक्चर कसं बनवायचं ते सांगणारी टोगॅफ ही चौकट १९९५ पासून आहे आणि चित्र काढायची भाषा म्हणजे आर्किमेट. टोगॅफ आणि आर्किमेट दोन्ही ओपन ग्रुप ही मानकं ठरवणारी संस्था सांभाळते. झालं. हे ज्यांना नवीन आहे त्यांनी पॉज करून एकदा वाचून या, मी इथेच आहे.

आता मुद्दा. मॉडेल आणि व्ह्यू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉडेलमध्ये माहिती असते, आणि त्यातलं कोणाला किती दाखवायचं ते व्ह्यू ठरवतो. एक ॲप्लिकेशन दहा व्ह्यूंत दिसू शकतं, पण मॉडेलमध्ये ते एकदाच असायला हवं. माना डोलावल्या ना सगळ्यांनी? आता बघा.

[स्क्रीन: आर्ची उघडलेलं, डावीकडे मॉडेल ट्री म्हणजे मॉडेलमधल्या सगळ्या गोष्टींची यादी, उजवीकडे पॅलेट म्हणजे नवे आकार उचलायची पट्टी]

मी आर्ची वापरतोय, आर्किमेटमध्ये मॉडेल काढायचं टूल, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. मॉडेलमध्ये आधीच असलेली बिलिंग सिस्टिम मला या नव्या व्ह्यूवर हवी आहे. दहातले बरेच जण काय करतात? पॅलेटमधून निळा चौकोन उचलतात, टाकतात, नाव टाइप करतात. दिसायला बरोबर. पण ट्रीमध्ये बघा, बिलिंग सिस्टिम आता दोनदा आहे. पॅलेटमधून उचललं की दर वेळी नवीन एलिमेंट, म्हणजे मॉडेलमधली नवी नोंद, जन्माला येतं. जुनंच हवं असेल तर ते डावीकडच्या ट्रीमधून ओढून आणायचं. आणि काढताना उलटी गंमत: व्ह्यूमधून काढलं तर मॉडेलमध्ये ते राहतंच, मॉडेलमधून काढलं तर सगळ्या व्ह्यूंतून जातं. दोन्ही पर्याय मेनूत वेगळे दिलेत, वाचा तरी.

"एवढ्याने काय बिघडतं?" अशी कमेंट येणार, मला माहीत आहे. सांगतो काय बिघडतं. एका संस्थेत मी एका बैठकीला बसलो होतो. जुना डेटाबेस बंद करायचा होता आणि प्रश्न साधा होता: हा बंद केला तर काय काय अडेल? आर्किटेक्टने मॉडेल उघडलं, डेटाबेसवर क्लिक केलं, नाती बघितली. एकच प्रोसेस दिसली, ग्राहक नोंदणी. सगळे खूश. तेवढ्यात अकाउंट्सच्या बाई म्हणाल्या, "आणि आमचं महिनाअखेरचं क्लोजिंग कुठून डेटा घेतं?" खोलीत शांतता. शोधल्यावर सापडलं की तो डेटाबेस मॉडेलमध्ये तीन नावांनी बसलेला. 'कस्टमर डीबी', 'कस्टमर डेटाबेस' आणि 'सीडीबी प्रॉड'. नोंदणी पहिल्याला जोडलेली, क्लोजिंग तिसऱ्याला. दुसऱ्याला काहीच जोडलेलं नव्हतं, तो नुसताच उभा. मॉडेलने खोटं सांगितलं नाही, अर्धं सांगितलं. पण त्या बाई नंतर कधी मॉडेल उघडा म्हणाल्या असतील असं मला वाटत नाही.

म्हणजे हा नीटनेटकेपणाचा प्रश्न नाहीच. नाती एलिमेंटला चिकटलेली असतात, चित्रातल्या चौकोनाला नाही. एलिमेंट फुटलं की नातीही फुटतात, आणि मग परिणाम काय होईल या प्रश्नाचं उत्तर चुकतं. मॉडेल बनवलं होतं तेच मुळी त्या उत्तरासाठी.

बरं, टूल नीट वापरलं तरी हेच दुसऱ्या दाराने आत येतं. विक्री विभाग म्हणतो 'ऑर्डरचं सॉफ्टवेअर', आयटी म्हणतं प्रॉडक्टचं नाव, सपोर्टवाले म्हणतात सर्व्हरचं नाव. तिघांच्या मुलाखती तीन जणांनी घेतल्या की मॉडेलमध्ये तीन एलिमेंट. म्हणून नवीन एलिमेंट टाकायच्या आधी शोधा, आणि नावाने शोधून सापडलं नाही तर माणसाला विचारा: "हे बंद पडलं तर फोन कोणाला जातो?" दोन नावांचं उत्तर एकच माणूस निघाला तर ती बहुधा एकच गोष्ट आहे. एकाचं नाव ठेवा, बाकीची नावं त्याच्या वर्णनात लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला शोधताना सापडेल. डुप्लिकेट उडवायच्या आधी त्याची नाती मूळ एलिमेंटवर हलवा. आधी उडवलं तर नातीही गेली.

मधेच रंगांबद्दल. दर व्हिडिओखाली कोणीतरी भांडतंच, "बिझनेस पिवळाच हवा, तुम्ही चुकलात." बिझनेस पिवळा, ॲप्लिकेशन निळा, टेक्नॉलॉजी हिरवा ही रूढ पद्धत आहे. आर्किमेटच्या स्पेसिफिकेशनमध्ये रंगांना औपचारिक अर्थ दिलेला नाही. जांभळा वापरा, मला काही नाही. बाणाबद्दल भांडा, ते मला आवडेल. सर्व्हिंग म्हणजे 'सेवा देतं' हे नातं, त्याचा बाण सेवा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो. २०१६ च्या ३.० आवृत्तीआधी याच नात्याचं नाव वेगळं होतं, 'वापरलं जातं' अशा अर्थाचं, त्यामुळे जुने लोक अजून गोंधळतात. आणि जिथे काही सुचत नाही तिथे असोसिएशन हे नातं टाकणाऱ्यांनो, त्याचा अर्थ 'काहीतरी संबंध आहे' एवढाच. अख्खं मॉडेल असोसिएशनने विणलंत तर प्रश्न विचारायची सोयच उरत नाही.

आता 'बिझनेसशी अलाइन करा', म्हणजे मॉडेल धंद्याच्या गरजांशी जुळवा, या सल्ल्याबद्दल. वरच्या पट्टीत चार कपॅबिलिटी, म्हणजे संस्थेला काय काय करता येतं ते, काढायच्या, खाली ॲप्लिकेशन्स मांडायची, मधे रेघा ओढायच्या, झालं अलाइनमेंट! अहो, त्या कपॅबिलिटी ठरवल्या कोणी? आयटीच्या खोलीत बसून आयटीनेच. मी उलटं करतो. विभागप्रमुखाकडे जातो आणि येत्या वर्षात त्यांना कोणते निर्णय घ्यायचेत ते विचारतो. नवीन प्रॉडक्ट काढायचं, एक लायसन्स वाढवायचं की सोडायचं, दोन विभाग एकत्र करायचे. ज्या निर्णयाला मॉडेल उत्तर देऊ शकतं तेवढंच बारकाईने काढतो. बाकीचं ढोबळ ठेवतो, आणि तिथे 'ढोबळ' असं लिहूनही ठेवतो. अर्धवट भाग पूर्ण असल्यासारखा दिसतो तेव्हाच घात होतो.

"किती दिवसांनी साफसफाई करायची?" हा प्रश्न सगळ्यात जास्त आला. वर्षातून एकदा मोहीम काढायची कल्पना मला मुळीच पटत नाही, कारण तोपर्यंत कोणाला काही आठवत नसतं. बदलाची विनंती बंद होते त्याच वेळी मॉडेल बदललं पाहिजे. बंद करायच्या फॉर्ममध्ये एक ओळ घाला: मॉडेलमधलं कोणतं एलिमेंट बदललं? "कोणतंच नाही" हेही चालेल, पण कोणीतरी बघून लिहिलेलं हवं. आणि प्रत्येक ॲप्लिकेशनला मालक म्हणून विभागाचं नाही, माणसाचं नाव. विभाग फोन उचलत नाही.

आर्चीत व्हॅलिडेटर आहे. तो संभाव्य डुप्लिकेट दाखवतो, कुठल्याच व्ह्यूत नसलेली एलिमेंट दाखवतो, रिकामे व्ह्यूही दाखवतो. पण 'कस्टमर डीबी' आणि 'सीडीबी प्रॉड' एकच आहेत हे त्याला कळायचं नाही, ते तुम्हालाच विचारत फिरावं लागेल. आज चालवा, किती इशारे आले ते कमेंटमध्ये टाका. स्क्रीनशॉट टाकणार असाल तर सिस्टिमची नावं आधी पुसा. मागच्या वेळी एकाने अख्खा सर्व्हरचा पत्ता टाकला होता, मला ती कमेंट उडवावी लागली.