मुलांचा अनुशेष

(व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि नाशिककरहो,

पत्रिकेवर विषय छापलाय : 'बालदारिद्र्यातील प्रादेशिक तफावत : कारणे व उपाय'. संयोजकांनी पन्नास मिनिटं दिली आहेत. कारणांना वीस, उपायांना वीस आणि उरलेली दहा तुमच्या टाळ्यांना, असा माझा हिशेब आहे. (हशा) बघू या कसं जमतंय.

प्रादेशिक तफावत म्हटलं की आपल्या डोक्यात एक ठरलेला नकाशा उघडतो. एकीकडे विदर्भ, मराठवाडा. दुसरीकडे सगळं पाणी पळवणारा पश्चिम महाराष्ट्र. या भांडणाला आकड्यांचा पाया मिळाला तो 1984 साली, वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीच्या अहवालानं. समितीनं नऊ क्षेत्रं धरली. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्यसेवा, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा. राज्याची सरासरी काढायची, कोणता जिल्हा तिच्या किती खाली आहे ते बघायचं आणि ती तूट भरून काढायला किती रुपये लागतील ते मांडायचं. याला नाव अनुशेष. राज्याचा एकूण अनुशेष निघाला सुमारे 3,187 कोटी.

दांडेकरांविषयी मला नितांत आदर आहे. सरकारला लाज वाटेल असा आकडा काढून हातात देणं, हे फार थोड्या अर्थशास्त्रज्ञांना जमतं. पण ती यादी पुन्हा आठवा. तिच्यात गुरांचा दवाखाना आहे. तो हवाच, उगाच उद्या 'वक्त्याचा पशुवैद्यकांवर हल्ला' असं छापू नका. पण त्या यादीत पोर नाही. शाळा आहे, रुग्णालयातल्या खाटा आहेत; त्या शाळेत आणि त्या खाटेपर्यंत जे पोहोचायचं, त्याच्या अंगावर मांस किती, हे कुठं नाही.

बरं, प्रदेशांचा समतोल विकास बघायला 1994 मध्ये तीन वैधानिक विकास मंडळं झाली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. नंदुरबार कुठं गेलं? उर्वरितमध्ये. पुण्या-मुंबईच्या पंगतीत! नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक गरिबी नुसत्या पैशात नाही, तर आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानात मोजतो. त्यात 2015-16 च्या आकडेवारीनुसार नंदुरबारची निम्म्याहून जास्त लोकसंख्या गरीब होती, तेव्हा राज्याचं प्रमाण होतं 14.8 टक्के. पुढच्या, म्हणजे 2019-21 च्या फेरीतही नंदुरबारचा जवळजवळ तिसरा हिस्सा गरीबच निघाला. आणि विधिमंडळात प्रदेशांवरून घसे कोरडे होत असताना या सातपुड्यातल्या पोरांचा वकील कोण? विदर्भाचा आमदार म्हणणार, ते आमच्यात येत नाहीत. मराठवाड्याचाही तेच म्हणणार.

ठाण्याचं तर विचारूच नका. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर बालकं दगावली, तेव्हा जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यात होते. राज्यातल्या पहिल्या दोन-तीन श्रीमंत जिल्ह्यांपैकी एक! जिल्ह्याच्या सरासरीत ही पोरं दिसणार कशी? 2014 मध्ये पालघर वेगळा झाला, आपल्याला वाटलं आता दिसतील. पण नव्या जिल्ह्यात वसई-विरार आलं, 2011 च्या जनगणनेत बारा लाख वस्तीचं. अख्खा मोखाडा तालुका लाखाच्या आत. पुन्हा सरासरी गुटगुटीत.

आता घरचंच सांगतो, म्हणजे तुम्हाला राग यायला सोपं. द्राक्षं, वाइन, कुंभमेळा, आणि त्याच जिल्ह्यात पेठ आणि सुरगाणा. 2022 मध्ये सुरगाण्यातली काही गावं म्हणाली, आम्हाला गुजरातेत टाका. दोन दिवस सगळे चॅनेलवाले तिकडे धावले. मी म्हटलं, चला, निदान रस्ता तरी कळला त्यांना. तर या सुरगाण्यात किती मुलं गरीब आहेत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंतच येऊन थांबतं. देशभरात एका जिल्ह्यामागे साधारण नऊशे घरं पडतात. नाशिकचे तालुके पंधरा. सुरगाण्याच्या वाट्याला येणाऱ्या मूठभर घरांवरून तालुक्याचा आकडा काढता येत नाही आणि ते लोक प्रामाणिक असल्यानं काढतही नाहीत.

राज्याचे आकडे मात्र आहेत, आणि माझी झोप उडवली ती त्यांनीच. 2015-16 ते 2019-21 या काळात महाराष्ट्रातलं बहुआयामी दारिद्र्य 14.8 वरून 7.8 टक्क्यांवर आलं. जवळपास निम्मं. छान. आता पाच वर्षांखालची कमी वजनाची मुलं बघा : आधी 36.0 टक्के, नंतर 36.1. लुकडेपणा, म्हणजे उंचीच्या मानानं वजन कमी, आधी 25.6 आणि नंतरही 25.6. देशाचा आकडा 19.3 आहे हो! आपण देशापेक्षा वाईट. मग गरिबी कमी झाली ती कुठली? निर्देशांकात बारा घटक आहेत. त्यात गॅस येतो, संडास येतो, वीज आणि बँकेतलं खातंही येतं. हे सगळं घरात आलं, त्याचा मला आनंदच आहे. पण घर गरिबीतून बाहेर पडलं आणि पोर आतच राहिलं, असंही होतं. जागतिक बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकाच्या 2022 च्या अहवालात भारतातल्या प्रौढांत सातामागे एक गरीब आहे, मुलांत पाचामागे एक.

आता तुम्ही म्हणाल, तालुक्याचा आकडा नाही कसा? अंगणवाडी आहे ना! अगदी बरोबर. 1975 पासून आहे. आज राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत, महिन्याच्या महिन्याला वजनं होतात, सगळं मोबाइलच्या ॲपमध्ये भरलं जातं. तालुकाच काय, पाड्यापर्यंतचा आकडा आहे. तो कसा तयार होतो, ते बघा.

गाव-तालुका सांगत नाही. त्या अंगणवाडी सेविकेच्या नोकरीचा प्रश्न आहे. दाराच्या चौकटीला काटा लटकवलेला, कापडाच्या झोळीत दीड वर्षाचा मुलगा. झोळीत टाकल्याबरोबर त्यानं लाथा झाडायला आणि गाव डोक्यावर घ्यायला सुरुवात केली. काटा साडेसात आणि आठच्या मध्ये नाचतोय. त्या वयाच्या मुलाचं वजन 7.8 किलोच्या खाली गेलं की तक्त्यावर लाल पट्टा, म्हणजे वजन फारच कमी; त्याच्या वर पिवळा, म्हणजे मध्यम कमी. पोर क्षणभर दम घ्यायला थांबलं तेव्हा काटा मला पावणेआठच्या जरा अलीकडं दिसला. सेविकेनं लिहिलं आठ. मी नुसतं बघितलं तिच्याकडं. ती म्हणाली, "सर, लाल लिहिलं की मलाच नोटीस येते. पोषण आहार घरी न्यायला दिला होता का, गृहभेट केली होती का, मग लाल कसा झाला? मागच्या महिन्यात दोन लाल होते तर पर्यवेक्षिकाबाई बैठकीत सगळ्यांसमोर बोलल्या." मग जरा थांबून, "आणि काटा पण जुना आहे ना, सर." आजी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "लिही गं आठ, दिवाळीपर्यंत होईल." (हशा)

हसा, हसा. मीही हसलो होतो. पण नंतर जिल्ह्याच्या गावी आढावा बैठकीला बसलो, तर पडद्यावर तो तालुका हिरवागार. लाल ठिपका औषधालाही नाही. साहेब म्हणाले, आमच्याकडं हा प्रश्न आता राहिलेला नाही. मी सर्वेक्षणाचा जिल्ह्याचा आकडा काढून दाखवला, तर म्हणाले, ते सॅम्पल आहे हो, आमचं शंभर टक्के मोजमाप आहे. चहा आला, बिस्किटं आली, बैठक संपली. तुम्हाला सांगतो, त्या बिस्किटांच्या...

(संयोजकांची चिठ्ठी) दहा मिनिटं? बरं. बिस्किटं राहू द्या.

कारणं भराभर सांगतो, क्षमा करा. पहिलं, आईचं वय. बीड-परभणीत विशी ते चोविशीतल्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. कोवळ्या, रक्त कमी असलेल्या आईचं बाळ जन्मतःच हलकं. दुसरं, स्थलांतर. ऊसतोडीचा कोयता, म्हणजे मजूर नवरा-बायकोची जोडी, बीडहून निघाला की पोरही फडावर जातं. गावच्या अंगणवाडीत त्याच्या नावापुढं 'स्थलांतरित', आणि कारखान्याच्या गावातल्या पटावर नावच नाही. सहा महिने ते पोर कुठल्याच जिल्ह्याचं नसतं. तिसरं, अंतर. नंदुरबारमधल्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून खाली आणतात. चौथं, जमीन आणि पाणी. तेवढ्यावर एक वेगळं व्याख्यान होईल, संयोजकांनी नोंद घ्यावी.

आता उपाय. माझं म्हणणं एकच आहे. दांडेकरांचं सूत्र घ्या, त्यात मुलं मोजा, आणि एकक जिल्हा नको, तालुका धरा. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमानं 125 मागास तालुके धरलेच होते. मुलींच्या त्या निळ्या एसट्या तुम्ही पाहिल्या असतील. म्हणजे तालुका धरून पैसा देता येतो. प्रत्येक तालुक्यातली किती मुलं राज्याच्या सरासरीपेक्षा मागे आहेत, तो त्याचा मुलांचा अनुशेष, आणि पैसा त्या प्रमाणात.

त्यातली गंमत बघा. रस्त्यांचा अनुशेष जितका जास्त तितका निधी जास्त, म्हणून जिल्हे आपण किती मागास हे ओरडून सांगत होते. कुपोषणात उलटं : जो मागास दिसेल त्याला नोटीस. मग कोण लाल लिहील? लाल पोर सापडलं की तालुक्याला पैसा, अंडी, कुपोषित मुलांना गावातच जास्तीचा आहार देणारं ग्राम बाल विकास केंद्र आणि एक चांगला काटा मिळाला पाहिजे. नोटीस द्यायचीच तर सर्वेक्षणात लाल आणि कागदावर हिरवा असेल त्या साहेबाला द्या, सेविकेला नको.

मग खोटे लाल लिहितील, असा आक्षेप येईल. येऊ दे. दरवर्षी दुसऱ्या जिल्ह्याचं पथक पाठवा, काही पाड्यांवर चिठ्ठ्या टाकून पुन्हा वजनं करा, नवा डिजिटल काटा घेऊन. कागदावरची दोन-चार मुलं जास्त जेवली, तर तिजोरी बुडत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. हे केलं तर पहिल्याच वर्षी लाल मुलांचा आकडा दुप्पट-तिप्पट होईल. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी मथळा येईल, 'राज्यात कुपोषणाचा कहर'. विरोधक पायऱ्यांवर बसतील. त्या आठवड्यात महिला व बालविकास खात्याच्या मंत्र्यानं उभं राहून 'होय, आकडा वाढला, तो आम्हीच वाढवला' असं म्हटलं पाहिजे, आणि मुख्यमंत्र्यांनी त्याचं खातं काढून घेता कामा नये. इथं समोरच्या रांगेत दोन्ही बाजूंचे पुढारी बसलेत, त्यांनी प्रश्नोत्तरांत एवढंच सांगावं : तो आठवडा तुम्ही काढाल का?

धन्यवाद.