अंगापिंडानं पैलवान

(दृश्य: येळ्ळूर, कुस्तीचं मैदान, लाल माती, माणसांची गर्दी)

बेळगाव, खानापूर, निपाणी. या पट्ट्यात गड्याची पारख मातीत होते. रग्बीचा लंबगोल चेंडू इथं फारसा कुणाच्या हाती लागत नाही. तरी तालमीतल्या पोरांना न्यूझीलंडचा रग्बीपटू जोना लोमू याची एक धाव दाखवा, नियम समजावत बसावं लागणार नाही.

(दृश्य: केपटाऊन, १८ जून १९९५)

विश्वचषकाची उपांत्य फेरी. न्यूझीलंड विरुद्ध इंग्लंड. डाव्या कडेला वीस वर्षांचा लोमू, सहा फूट पाच इंच, वजन शंभर किलोच्या बरंच वर. चेंडू हातात आला. पहिला गडी मागं पडला. दुसऱ्यानं घोट्याला हात घातला, पट काढावा तसा. लोमू अडखळला, आता तोंडावर आपटतो असं वाटलं. समोर शेवटचा, माइक कॅट. त्याला चुकवणं वगैरे काही नाही. लोमू सरळ त्याच्या अंगावरून गेला आणि रेषेपलीकडे चेंडू टेकवला. यालाच ट्राय म्हणतात. त्या दिवशी असे चार. न्यूझीलंड ४५, इंग्लंड २९.

अंतिम सामना मात्र दक्षिण आफ्रिकेनं काढला, १५-१२.

लोमूचा जन्म न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा, १९७५ चा. आई-वडील टोंगा या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाचे. एकोणिसाव्या वर्षी देशाच्या संघात.

आणि १९९५ सरता सरता डॉक्टरांनी सांगितलं, नेफ्रोटिक सिंड्रोम. या आजारात मूत्रपिंडाची चाळण गळू लागते. रक्तातलं प्रथिन लघवीवाटे जातं, पाणी अंगात साठतं, पाय सुजतात. आपल्याकडं पैलवानाचं दूध, तूप, बदाम सगळं मोजलं जातं. लघवी तपासायला कोण नेतो? 'एवढ्या देहाला काय धाड भरलीय!'

तो आजार अंगात घेऊन लोमूनं १९९९ च्या विश्वचषकात आठ ट्राय केले. दोन स्पर्धांचे मिळून पंधरा.

२००२ ला शेवटची कसोटी, पुढच्या वर्षी डायलिसिस. २००४ मध्ये ग्रँट केरेआमा या रेडिओ निवेदकानं स्वतःचं एक मूत्रपिंड दिलं. त्यावर लोमू वेल्समधल्या कार्डिफ या संघाकडून खेळलाही, पण ती धाव राहिली नव्हती. २०११ मध्ये तेही मूत्रपिंड निकामी झालं. १८ नोव्हेंबर २०१५ ला, चाळिसाव्या वर्षी, ऑकलंडमध्ये त्याचं निधन झालं.

त्याच्या आदल्याच महिन्यात ब्रायन हबानानं विश्वचषकातल्या पंधरा ट्रायची बरोबरी केली होती. हबाना दक्षिण आफ्रिकेचा. त्या संघाविरुद्ध लोमूला उभ्या कारकिर्दीत एकही ट्राय करता आला नव्हता.