खोक्यातलं ऊन

(शाळेचा व्हरांडा. फरशीवर पुठ्ठे, कात्र्या, खळीची वाटी. मुलांची गडबड.)

किराणा दुकानातून मागून आणलेला बिस्किटांचा मोठा खोका. त्यात मावेल असा दुसरा, जरा लहान. पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद. तसबिरीच्या दुकानातून कापून आणलेली काच. आणि अर्धं पोतं कुटार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या या जिल्हा परिषद शाळेत आज सौर चूल बनतेय. २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. इतर वर्षी या दिवशी तक्ते रंगतात आणि भिंतीवर लागतात. यंदा मॅडमनी सातवीला सांगितलंय, की बनवाल ते चाललं पाहिजे. मुलांनी घरी आधीच जाहीर करून टाकलंय, आज शाळेत उन्हावर खिचडी होणार.

तुरीची मळणी नुकतीच आटोपली, त्यामुळे कुटाराला तोटा नाही. एरवी ते बैलांपुढे पडतं. आज ते दोन खोक्यांच्या मधल्या जागेत ठासलं जातंय, तळाला आणि चारही बाजूंनी, चार बोटं जाडीचा थर. कोरड्या कुटारात हवा अडकून बसते आणि अडकलेली हवा उष्णता पुढे सरकू देत नाही. कुटार दमट असलं तर सगळा खेळ बिघडतो. आत वाफ धरते, काचेवर पाणी साचतं आणि ऊन बाहेरच राहतं. म्हणून कालपासून ते शाळेच्या अंगणात पसरून ठेवलं होतं, आणि गायी हाकलायला एक मुलगा बसवला होता.

थर्माकोल का नाही, असं एकानं विचारलं. हलका असतो, कुटारासारखा सांडत नाही. त्याचं बरोबर आहे. पण शंभर अंशांच्या जवळपास थर्माकोल मऊ पडतो, आकसतो, वास सुटतो. अन्नाच्या डब्याशेजारी तो नकोच.

(जवळून: एक मुलगी चमच्याच्या पाठीनं चांदीचा कागद घासते आहे.)

लहान खोक्याला आतून चांदीचा कागद. चिकटवायला मैद्याची खळ, घरीच शिजवलेली. हिचं काम बघण्यासारखं आहे. आधी बोटानं खळीचा पातळ हात फिरवते, कागद एका कडेनं टेकवते, मग चमच्याची पाठ मधून कडेकडे ओढत नेते. हवेचा एक बुडबुडा राहिला तर परत उचलते. पलीकडचा गट घाईत आहे, त्यांच्या कागदाला सुरकुत्याच सुरकुत्या. खोक्याच्या आत तेवढं चालून जातं. झाकणाच्या पाकळीवर मात्र नाही. तिथला कागद सपाट नसेल तर ऊन डब्यावर न पडता भलतीकडेच फाकतं.

ही पाकळी म्हणजे झाकणाचाच भाग. पुठ्ठ्याच्या झाकणावर काचेपेक्षा जरा लहान चौकोन आखायचा, तीन बाजू कापायच्या, चौथी तशीच ठेवून वर उचलायची. उचललेल्या पाकळीच्या आतल्या अंगाला चांदीचा कागद, हा झाला आरसा. खाली पडलेल्या खिडकीला आतून काच. काचेच्या कडांना आधी चिकटपट्टी, हे काम मॅडमनी स्वतःकडे ठेवलंय.

राहिला डबा. ॲल्युमिनियमचा, पातळ, घट्ट झाकणाचा. त्याला बाहेरून काळं करायचं आहे. काळा रंग दुकानात मिळतो, पण इथे चुलीच्या तव्याची काजळी खरवडून खळीत कालवली आहे. रंग फुकट आणि अगदी डांबरासारखा. ज्यांनी तो लावला त्यांचे हात दुपारपर्यंत ओळखू येत होते.

तांदूळ आणि मुगाची डाळ सकाळीच भिजत घातली होती. हळद, मीठ, आणि चुलीवर घालतो त्यापेक्षा थोडं कमी पाणी, कारण इथे वाफ बाहेर जात नाही. डबा आत, काच वर, साडेदहाची वेळ.

(शाळेचं पटांगण. खोका दक्षिणेकडे तोंड करून ठेवलेला.)

फेब्रुवारीत सूर्य दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून आरशाची पाकळी उत्तरेला, तोंड दक्षिणेला. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, तेव्हा अर्ध्या तासानं खोका थोडा फिरवायचा. किती, ते खोक्याच्या कडेला रोवलेली आगकाडी सांगते. तिची सावली आखलेल्या रेघेवरून हलली की खोकाही हलवायचा. आरशातून परतणाऱ्या उन्हाकडे बघायचं नाही, ही ताकीद मॅडम परत परत देतात.

आत काय चाललंय? ऊन काचेतून सरळ आत येतं आणि काळ्या डब्यावर मुरतं. डबा तापतो. तापलेली वस्तूही किरण सोडते, पण ते किरण वेगळे, लांब तरंगांचे. साध्या काचेतून ते पार होत नाहीत. शिवाय काचेमुळे वारा डब्याला लागत नाही. आलेली उष्णता अशी सगळीकडून कोंडली जाते.

आता थोडा हिशोब. स्वच्छ आकाशात, भर दुपारी, उन्हाकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट ऊन पडतं. आपली काच चाळीस बाय पन्नास सेंटीमीटर, म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा. जास्तीत जास्त २०० वॅट, त्यातलंही बरंच वाटेत जातं. पाकळी थोडी भर घालते. गॅसच्या शेगडीची ताकद याच्या कितीतरी पट. इथे खिचडी दहा मिनिटांत होणार नाही, हे मुलांना आधीच सांगितलंय. ऐकलं कुणी नाही.

“मॅडम, हे तं गरमच नाई होऊन राहिलं.”

“झाकण उघडू नको म्हटलं ना!”

“जराक पाहू द्या ना.”

प्रयोगशाळेतला तापमापक काचेखाली बसवलाय. पारा ७० च्या वर जाऊन तिथेच अडकला. पलीकडच्या, सुरकुत्यांच्या खोक्यात ८० दाखवतोय. चमचेवालीच्या चेहऱ्यावर ते दिसतंय.

मग ती वर्गात गेली आणि कापसाचं बोंड घेऊन आली. त्यातला एक तंतू पिंजून मोकळा केला, दोन बोटांत धरला आणि खोक्याच्या कडेकडेनं, श्वास रोखून, हळूहळू फिरवू लागली. तीन बाजूंना तंतू गप्प लोंबत होता. चौथ्या बाजूला, काचेच्या कोपऱ्यापाशी, तो वर उचलला गेला आणि थरथरू लागला. फट तिथे होती. डोळ्यांना दिसत नव्हती, गरम हवा मात्र तिथूनच निसटत होती. खळीत बुडवलेली कागदाची पट्टी त्यावर बसली. अर्ध्या तासात पारा नव्वदीपार.

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. या अशा खोक्याची अर्धी कारागिरी फटी शोधण्यातच असते, आणि पुस्तकातल्या आकृतीत फट कधी काढलेली नसते.

हा खोका नवा नाही. १७६७ साली स्वित्झर्लंडमधल्या होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यानं काचेच्या पेट्या एकात एक बसवून आतलं तापमान मोजलं होतं. ऊन कोंडून किती तापतं, एवढंच त्याला बघायचं होतं. आपल्याकडची गोष्ट त्याहून रंजक आहे. १८७० च्या दशकात मुंबईत विल्यम ॲडम्स नावाचा इंग्रज अधिकारी सपाट आरशांच्या आठ बाजू जुळवून स्वयंपाक करत होता. जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या सगळ्यात थंड महिन्यात, सात सैनिकांचं मांस आणि भाजी आपण दोन तासांत शिजवली, असं त्यानं १८७८ च्या पुस्तकात नोंदवलंय.

जानेवारी कसा काय, हा प्रश्न इथल्या मुलांनीही विचारला. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्धा पंचेचाळिशीच्या पार जातात, मग तेव्हाच करायचं ना. खोक्याला हवेचा उकाडा फारसा कळत नाही, उन्हाचा उजेड कळतो. बाहेर बत्तीस अंश असोत की पंचेचाळीस, आत शंभरच्या घरात जायचंय. बाहेरचा उकाडा गळती थोडी कमी करतो, इतकंच. जूनमध्ये अंगाची काहिली होत असते, पण आभाळ भरून आलं की हीच चूल थंड पडते. मेमध्ये फरक पडतो तो सूर्याच्या जागेचा. नागपूरला २६ मेच्या सुमारास तो भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली बुंध्यातच जिरते. तेव्हा खोका कलता ठेवायची गरज नाही.

(दुपार. जाड फडक्यानं डबा बाहेर काढला जातो. वाफ.)

दीड वाजून गेला. खिचडी शिजली आहे. तांदूळ मोकळा, डाळ मऊ, आणि तळाला एक दाणा लागलेला नाही, कारण इथे बुडाशी जाळ नाही. सुरकुत्यांच्या खोक्यातलीही शिजली, अर्ध्या तासानं. वाटे इतके लहान पडले की पोट कुणाचंच भरलं नाही.

कुंपणापाशी उभी असलेली एक आजी बोट लावून चव घेते.

“अन् फोडनी कशी देशीन याच्यात?”

देता येत नाही. तेल तडतडायला लागतं तेवढा ताप या पुठ्ठ्यात येत नाही. भाकरही नाही. आणि आजीचा खरा आक्षेप तिनं नंतर सांगितला. निंदणाच्या, वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी डबा बांधून वावरात जातात. तेव्हा सूर्य जेमतेम उगवलेला असतो. त्या वेळी गॅस, नाहीतर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पेटवाव्याच लागतात. ऊन चढेपर्यंत घरात फिरवाफिरव करायला माणूसच नसतो. सौर चुली गावोगाव का टिकल्या नाहीत, याची चर्चा करणाऱ्यांनी या आजीला एकदा विचारायला हवं होतं.

पण ती गेली आणि स्टीलचा डबा घेऊन परत आली. आत तुरीची डाळ, तिच्यात भुंगेरे.

याला उन्हात घालायची रीत जुनीच आहे. मात्र अंगणातल्या सुपात बरेच किडे सावलीला पळतात. बंद खोक्यात त्यांना पळायला जागा नाही. साठ अंशांच्या आसपासचा ताप तासभर मिळाला, तर किड्यांसोबत त्यांची अंडी आणि दाण्याच्या आतल्या अळ्याही मरतात. त्याला शंभर अंश लागत नाहीत, फोडणी लागत नाही आणि सकाळी सातची घाईही नसते.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता डाळ ताटात पातळ पसरून खोक्यात गेली. आजीचा नातू लगेच घरून पुढच्या पेरणीची तूर घेऊन आला. आजीनं त्याला दारातच अडवलं.

“बियाचं नोको टाकू बाप्पा, उगणार नाई मंग.”

तिचं खरं आहे. असा कोंडलेला ताप हाताबाहेर गेला तर कोंब मरतो. बी परत गेलं. साडेअकराला ताट बाहेर आलं, डाळ पाखडली, मेलेले भुंगेरे कोंबड्यांनी टिपले. खोका आता शाळेत नाही. तो आजीच्या ओसरीवर आहे आणि शेजारणींनी आपापल्या डाळींचे नंबर लावलेत.