पावडर, टेप आणि चिमी

आज ज्या गोष्टीतले उतारे वाचणार आहे, ती अजून माझ्या वहीतच आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली ही रहस्यकथा. खून नाही, खजिना नाही, भुयारही नाही. आहे ती एक पावडर. रात्री पाण्यातून घ्यायची, सकाळी उंची वाढलेली असते, असं विकणारा काका सांगतो. आणि तो ते करूनही दाखवतो! सुरुवातीचा उतारा ऐका. त्यातली चिमी दहा वर्षांची, आणि दादा तिचा मोठा भाऊ.

“काकाने दादाला भिंतीशी ताठ उभं केलं. डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि पेन्सिलीने रेघ ओढली. ‘झोपायच्या आधी एक चमचा घे. सकाळी उठलास की तडक इकडे ये.’ सकाळी दुसरी रेघ पहिलीच्या वर पडली. करंगळीच्या जाडीएवढी वर. चिमीने टेप लावून बघितली. काका खोटं बोलत नव्हता.”

गुन्हा इथेच घडून गेला, आणि तो पकडायला लागणारं सगळं या सात-आठ वाक्यांत वाचकाच्या हातात दिलेलं आहे. पहिलं माप संध्याकाळचं, दुसरं सकाळचं. काकाची सगळी हुशारी त्या ‘तडक’मध्ये आहे. दादा तासभर खेळून मग आला असता तर निम्मी जादू वाटेतच सांडली असती.

कारण आपण सगळेच सकाळी उंच असतो. पाठीच्या मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात आणि त्यांच्यात भरपूर पाणी असतं. दिवसभर उभं राहून, बसून त्यांच्यावर भार येतो, पाणी हळूहळू बाहेर पडतं आणि त्या दाबल्या गेलेल्या स्पंजासारख्या चपट्या होतात. रात्री आडवं झालं की पाणी परत शिरतं. फरक साधारण एक ते दोन सेंटिमीटरचा, आणि त्यातला बराचसा उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच जातो. जोसेफ वास या इंग्लिश धर्मोपदेशकाने या फरकाबद्दल लिहिलेलं पत्र लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या नियतकालिकात 1724 मध्येच छापलं गेलं होतं. अंतराळवीरांचं तर विचारू नका. मणक्यांवरचा भारच नाहीसा झाल्याने त्यांची उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढते आणि पृथ्वीवर आले की पुन्हा होती तेवढी होते.

हे सगळं मी तुम्हाला आत्ता सांगून टाकलं, पण गोष्टीत चिमीला कुणीच सांगत नाही. आपल्या विज्ञानकथांमध्ये शेवटच्या पानावर एक प्राध्यापक मामा उगवतो आणि चष्मा पुसत सगळं समजावतो. मला त्या मामाचा कंटाळा आहे. मूल स्वतः काही शोधतच नाही. ते फक्त ऐकतं. चिमीला मणके, चकत्या यातलं काहीही ठाऊक नसताना ती रहस्य फोडते. कशी, ते बघा.

“‘तू पावडर घेतलीस?’ ‘नाही.’ ‘आणि तू?’ ‘आई घेऊ देत नाही.’ ‘मग तुम्ही दोघं का वाढलात?’ दोघं एकमेकांकडे बघायला लागले.”

पावडर न घेतलेल्यांना मोजणं. बस्स, एवढंच! औषधांच्या मोठमोठ्या चाचण्यांचा कणा हाच असतो, आणि दहा वर्षांच्या मुलीला तो सुचू शकतो यावर माझा विश्वास आहे. मणक्यांचा धडा मी यानंतर, तोही थोडक्यात दिला आहे. ‘का’ हा प्रश्न वाचकाच्या मनात आधी उगवायला हवा.

काका काही कच्च्या गुरूचा चेला नाही. तो म्हणतो, एका रात्रीचं सोडा, तीन महिने घ्या. ही लबाडी जास्त चिवट आहे. वयात येण्याआधीचं मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतंच, म्हणजे तीन महिन्यांत सव्वा-दीड. निसर्ग फुकट देतो तेच काका डब्यात भरून विकतो. त्याला पकडायचं तर जुन्या नोंदी हव्यात. फ्रान्समधल्या माँबेयार या गृहस्थाने 1759 मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची तो अठरा वर्षांचा होईपर्यंत मोजून ठेवली होती. चिमीला अशी वही दाराच्या चौकटीवर सापडते. तिथे दादाच्या दर वाढदिवसाची रेघ आहे, पावडर येण्याच्या कितीतरी आधीपासूनची.

माझं सगळ्यात लाडकं प्रकरण हाडांचं. हाड नेमकं कुठे वाढतं? मधून ताणलं जातं की टोकाला? स्टीफन हेल्स या इंग्लिश शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला दोन बारीक भोकं पाडली आणि वाट बघितली. हाड लांब झालं, भोकांमधलं अंतर मात्र तेवढंच राहिलं. म्हणजे वाढ टोकांजवळ होते. तिथे मऊ कूर्चेचा एक थर असतो, डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. वयात आल्यानंतर काही वर्षांत तो थर हाडात मिसळून जातो, आणि मग पावडर खा नाहीतर बारला लोंबकळा, हाडं लांब होत नाहीत. कोंबडीला भोकं पाडण्याचा प्रसंग मुलांना द्यावा का, असं मला विचारलं गेलं. मी दिला आहे. मुलं आपल्याला वाटतात तेवढी नाजूक नसतात.

काका स्वतः उंच की बुटका, हे गोष्टीत कुठेही लिहिलेलं नाही. तो बुटका दाखवला असता तर हशा मिळाला असता आणि वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलाने पुस्तक तिथेच मिटलं असतं. दादाच्या “मग मी उंच होणार की नाही?” या प्रश्नालाही चिमीकडे उत्तर नाही, आणि ते नसावंच. चोपन्न लाख लोकांच्या अभ्यासात 2022 मध्ये उंचीशी जोडलेल्या बारा हजारांहून जास्त जनुकीय खुणा सापडल्या. चिमी त्या कुठून मोजणार?

खरोखर उंची वाढवणारं औषध गोष्टीत का नाही, असंही तुम्ही विचाराल. असं औषध खरंच आहे: वाढीचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन. ज्या मुलांच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही, त्यांना डॉक्टर ते देतात. पूर्वी ते मृत माणसांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून काढत. त्यातून काही मुलांना मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचं उघड झालं आणि 1985 मध्ये अमेरिकेत ते थांबलं. त्याच वर्षी प्रयोगशाळेत जिवाणूंकरवी बनवलेल्या संप्रेरकाला तिथे मान्यता मिळाली. तिथे फसवणारा कुणी नव्हता, सगळे मदतच करत होते. ती गोष्ट काकाच्या गोष्टीत बसत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकांसाठी ती वेगळी लिहायला घेतली आहे.