सातबारा एक, चुली दोन: घर चालतं कसं, अडतं कुठं

नमस्कार मंडळी.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी, कळंब, दारव्हा या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात नोव्हेंबरमध्ये एखाद्या ओसरीवर जाऊन बसा. कापसाचा वेचा सुरू असतो. सोयाबीन विकून झालेलं असतं, नाहीतर भाव नाही म्हणून घरातच थप्पी लागलेली असते. आणि घरातलं एक माणूस 'बिघडलेलं' असतं. कुठं पोरगं शाळेत जायला तयार नसतं, कुठं सुनेचं डोकं रोज दुखतं, कुठं मोठा मुलगा रात्री दहापर्यंत पानठेल्यावरून उठत नाही. सगळं घर त्या एकाकडं बोट दाखवतं. माझी विनंती आहे, बोट जरा खाली घ्या आणि आधी घराची मांडणी बघा. त्रास ज्याच्यात दिसतो, त्याच्यातच तो सुरू झालेला असतो असं नाही.

(फळ्याकडे वळून)

एक घर काढतो. हे कुणा एकाचं घर नाही, आपल्या भागातल्या बऱ्याच घरांतून जोडून उभं केलंय. वर आबाजी आणि आजी. आबाजींचं वय ७४, नऊ एकर कोरडवाहू, सातबारा त्यांच्याच नावावर. दोन मुलगे, एक मुलगी. थोरला ४६ वर्षांचा, शेती तोच करतो. धाकटा चाकणला कंपनीत, बायकोपोरांसकट तिकडंच. मुलगी दिग्रसला दिलेली. थोरल्याच्या घरात त्याची बायको, बारावीतली मुलगी आणि नववीतला मुलगा. शाळेत न जाणारा, तो हाच.

आता हे कुटुंब एकत्र की विभक्त? जनगणनेत चूल बघतात. एका स्वयंपाकघरातलं जेवणारी, एकत्र राहणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. त्या हिशेबानं धाकटा वेगळा झाला. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर लिहिताना एकत्र कुटुंबाची खूण जास्त बारकाईनं सांगितली होती: एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं खाणारी, सामाईक मालमत्ता असलेली, देवपूजा एकत्र करणारी आणि आपसात ठरावीक नात्यानं बांधलेली माणसं. ही व्याख्या मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळं एका घरातले वेगवेगळे धागे सुटे करून बघता येतात.

बघा ना. छपरं दोन. चुली दोन. मालमत्ता मात्र एक. देवही एक, महालक्ष्म्या थोरल्याच्याच घरी बसतात आणि चाकणहून धाकट्याला यावंच लागतं. यात मी एक धागा माझ्याकडून घालतो, तो म्हणजे राबणं. नऊ एकरांत राबतात थोरला आणि त्याची बायको. पण मालमत्ता सगळ्यांची.

माझं आजचं सगळं सांगणं इथं आहे. आधी छप्पर सुटतं, मग चूल, आणि सातबारा वीस-वीस वर्षं जसाच्या तसा राहतो. राबणारा एक, नाव दुसऱ्याचं, हिस्सा तिसऱ्याचा, या रेषा जिथं एकमेकींवर बसत नाहीत, तिथंच घरातली माणसं भांडतात. आणि भांडणाचं कारण म्हणून भलतंच काहीतरी पुढं करतात.

जून महिना घ्या. मृग लागतो. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं एकदम अंगावर येतं. सोसायटीचं पीककर्ज कुणाला मिळणार? सातबारा ज्याच्या नावावर त्याला. पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये, २००० च्या तीन हप्त्यांत, तेही जमीनधारकाच्याच खात्यात. म्हणजे जो डवरणी करतो, फवारणीचा पंप पाठीवर घेतो, त्याला ४६ व्या वर्षी युरियाच्या पोत्यासाठी बापापुढं उभं राहावं लागतं. आबाजी वाईट नाहीत. कर्जापायी उठलेली घरं त्यांनी पाहिली आहेत, म्हणून सही करताना हात थांबतो. थोरला बापाला उलट बोलत नाही, तशी रीत नाही. तो कृषी केंद्रातून उधारीवर माल उचलतो, तिथं भाव चढा लागतो, आणि घरी काहीच सांगत नाही. बायकोला ते आठवडी बाजारात दुसऱ्याच कुणाकडून कळतं. नवऱ्यावर ती चिडते, सासऱ्याला मात्र काय म्हणणार? मग एक दिवस भाजीत मीठ जास्त झालं, यावरून सासूसुनेचं वाजतं. गाव म्हणतं, "या दोघी बायाच भांडकुदळ." मंडळी, ते भांडण सातबाऱ्याचं आहे. मिठाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आता हे एका अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाच्या कामाशी जोडतो. मरे बोवेन. १९५४ ते १९५९ या काळात वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत त्यांनी गंभीर मानसिक आजार असलेल्या तरुण रुग्णांसोबत त्यांच्या आयांना वॉर्डात राहायला आणलं, पुढं वडील आणि भावंडांनाही. आणि त्या अख्ख्या घराचं रोजचं वागणं बघितलं. रुग्ण एकटा तपासायचा, या रिवाजाला हा मोठा धक्का होता. त्यांना दिसलं की ताण घरात फिरत राहतो. दोघांमधला ताण दोघांना पेलेनासा झाला की ती दोघं तिसऱ्याला मध्ये ओढतात. याला त्यांनी त्रिकोण म्हटलं.

त्रिकोण आपल्याकडं कसा दिसतो? सून स्वयंपाकघरातून मुलीला म्हणते, "जाय, आबाजीले सांग, तुह्या बाबाले खताचे पैसे पाह्यजेत म्हणा." आबाजी नातीला म्हणतात, "तुह्या बापाले तोंड नाही का?" आजी तिलाच विचारते, "तुही माय माह्याबद्दल काय म्हणत होती?" बारावीतली पोर दिवसभर निरोप वाहते. मोठी गुणाची पोर, असं सगळे म्हणतात. ती थकली आहे, हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती थकली तर घरातलं बोलणंच बंद पडेल.

दुसरं नाव साल्वादोर मिनुशिन. जन्म १९२१, अर्जेंटिनातला. पुढं अमेरिकेत त्यांनी गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांसोबत काम केलं. ते म्हणाले, घरात छोटे छोटे गट असतात: नवरा-बायको, आईबाप, भावंडं. प्रत्येक गटाभोवती एक सीमा असते. हे समजायला आपल्या शेतातला धुरा, म्हणजे बांध, पुरे. धुराच नसला तर कुणाचीही ढोरं कुणाच्याही पिकात. आणि फार उंच करून ठेवला तर पावसाचं पाणी तुंबतं. घरातही नवरा-बायकोत काय बोललं जातं ते सगळं दुपारपर्यंत ओसरीवर पोचत असेल, तर तिथं धुरा मोडलाय. बाप आणि मुलगा एका घरात राहून आठवडाभर शब्द बोलत नसतील, तर तिथं धुऱ्याची भिंत झालीय.

पण मिनुशिन यांचं सगळं जसंच्या तसं उचलू नका. त्यांच्या नकाशात नवरा-बायको मध्यभागी असतात. आपल्या एकत्र घरात आजीनं नातवंडं वाढवणं, आबाजींनी पेरणीचा दिवस ठरवणं, यात आजार काही नाही. सोयाबीन कापणीच्या धामधुमीत सून रानात असताना दोन्ही पोरांना वेळेवर जेवू घालते ती आजीच. प्रश्न एवढाच विचारायचा: कोणती गोष्ट कुणी ठरवायची, हे घरात सगळ्यांना माहीत आहे का?

मुलीकडं परत येऊ. तिला अमरावतीला कॉलेजात प्रवेश मिळतो. आनंद व्हायला हवा, होतोही. आणि ती निघायच्या आठवड्यात आजीची छाती भरून येते, बीपी वाढतं. आधी डॉक्टरकडं न्या, ते पहिलं. पण तपासणीत काही निघालं नाही, तर लगेच 'नाटक' म्हणू नका. कॅलिफोर्नियात डॉन जॅक्सन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५७ मध्येच लिहून ठेवलंय की घर आपला जुना तोल धरून ठेवायला बघतं. एक रुग्ण सुधारायला लागला की दुसरंच कुणी आजारी पडतं, असं त्यांना उपचारांत दिसत होतं. आजीला नातीचा राग नाही. सुनेशी बोलायचा एकच रस्ता होता, तो एसटीत बसून चाललाय. आणि नववीतला पोरगा? ताईच्या जागेवर आता त्याला उभं करू लागलेत. तो शाळेत गेला तर मधल्या वेळात निरोप कोण नेणार? त्याला ही वाक्यं सुचत नाहीत, तो फक्त म्हणतो, पोट दुखतंय.

ज्या रेषेबद्दल गावात सगळ्यात कमी बोललं जातं, ती आता काढतो. दिग्रसची मुलगी. महाराष्ट्रानं १९९४ सालीच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मानं हक्क दिला, त्यात आधी लग्न झालेल्या मुली सुटल्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर हिंदू वारसा कायदा बदलला, मुलगी मुलाइतकीच वाटेकरी. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. कायदा एवढा सरळ आहे. तरी बहिणी हक्कसोड पत्रावर सही करतात. का करतात? भावाचं घर हेच माहेर, आणि सही नाकारली तर दिवाळीला गाडी कुणाच्या दारात थांबवायची? ती सही देते तेव्हा दोन भावांमधलं भांडण काही वर्षं पुढं ढकललं जातं. त्याची किंमत तिनं मोजलेली असते, आणि घराच्या हिशेबात ती कुठंच लिहिली जात नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते स्पष्ट बोलणार.

याहून कठीण जागा मोठ्या सुनेची. फळ्यावर बघा, या घराशी तिला जोडणारी मुख्य रेषा नवऱ्यातून जाते. ती रेषा तुटली तर? आपल्या विदर्भात किती बायांच्या वाट्याला हे आलंय, ते तुम्हाला मी सांगायला नको. शेतकरी नवऱ्यानं जीव दिला, घर शासनाच्या एक लाख रुपयांच्या मदतीला पात्र ठरलं, आणि त्या पैशावरून सासर-माहेर समोरासमोर आलं. वीस वर्षं निंदण-वेचणी केलेल्या शेतात तिचं नाव कुठंच नसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली ती यासाठीच, नवऱ्यानं आपल्या हयातीत बायकोच्या नावावर जमीन करावी म्हणून. पुढं सरकारनंही तशी योजना काढली. ते काम अर्धं राहिलंय.

आता एक इशारा, आणि तो नीट ऐका. 'घर ही व्यवस्था आहे' या वाक्याआड कुणी लपू नये. दारू पिऊन हात उचलणारा माणूस 'आमच्या घरात ताणच फार' म्हणून सुटत नाही. १९८० च्या दशकात स्त्रीवादी मानसोपचारकांनी याच विचारपद्धतीला सुनावलं होतं की घरात सगळ्यांची ताकद सारखी नसते, त्यामुळं सगळ्यांना सारखं जबाबदार धरता येत नाही. मारहाण असेल तर त्रिकोण काढत बसू नका, १८१ ला फोन करा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे. तसंच स्किझोफ्रेनियासारखा आजार आईनं चुकीचं वाढवल्यामुळं होतो, ही समजूत एके काळी डॉक्टरांतही होती, ती सोडून दिली गेली आहे. अशा आजाराला औषधं लागतात. घरानं साथ द्यायची, अपराधीपण घ्यायचं नाही.

मग करायचं काय? सगळं घर एकदम बदलायला जाऊ नका. बोवेन यांचा भर एका गोष्टीवर होता: आपल्यापासून निघणारी रेषा आपण बदलायची, शांतपणे आणि संबंध न तोडता. नात म्हणेल, "आजी, थे तू आईलेच इचार ना. मी मध्ये नाही येत." थोरला बापाला म्हणेल, "बाबा, उधारी किती झाली थे आज सांगतो. राग आला तरी आइका." एवढंच. पण एकदा बोलून भागणार नाही, घर उलटा जोर लावेल. आबाजी चार दिवस ताटावर बोलणार नाहीत. सून म्हणेल, "आता कावून इतकं खरं बोलून राहिले तुम्ही?" आजी नातवाला हाक मारेल, तेव्हा नातवानंही तेच वाक्य म्हणायचं. सगळ्यांनी जोर लावला म्हणजे तुमचं चुकलं असं नाही. तेव्हा जो मागं हटतो, त्याच्या घरी सगळं पुन्हा होतं तसं होतं. हटला नाहीत तर हळूहळू बाकीच्यांना आपली जागा बदलावी लागते.

आणि कागदाचं काम कागदावरच करा. सगळे सहधारक राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडं वाटणीचा अर्ज करता येतो. वाटणी झाली म्हणजे घर फुटलं असं मानू नका. सातबारे वेगळे झालेले भाऊ पोळ्याला एकमेकांच्या दारात बैल नेतात, अशी घरं आपल्याकडं आहेत.

घरात कुणी फार खचलेलं दिसत असेल, जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावा. मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

बाकी बैठक बसवायची असेल तर मे महिना बरा. उलंगवाडी, म्हणजे कापसाचा हंगाम, होऊन गेलेली असते, पेरणीची घाई लागलेली नसते, चाकणचा भाऊ लग्नसराईला गावात आलेला असतो. दिग्रसच्या बहिणीलाही त्याच दिवशी बोलवा. सही घ्यायच्या दिवशी नाही, बोलायच्या दिवशी.