आपलं माणूस अडकलं की देश आठवतो का?

तर मंडळी, तारीख आहे ८ डिसेंबर १९८९, गाव श्रीनगर. मेडिकलची इंटर्नशिप करणारी एक मुलगी लल देद हॉस्पिटलमधली ड्युटी संपवून घरी जायला मिनीबसमध्ये बसते, रोजचाच रस्ता, रोजचीच बस. थोडं पुढे गेल्यावर बसमधलेच काही जण बंदुका काढतात, बस भलतीकडे वळवतात आणि तिला उतरवून घेऊन जातात. मुलीचं नाव रुबैया सईद. आणि तिचे वडील मुफ्ती मोहम्मद सईद, जेमतेम आठवडाभरापूर्वी देशाचे गृहमंत्री झालेले. म्हणजे किडनॅपिंगचा तपास ज्याच्या खात्याने करायचा त्याचीच पोरगी.

तिला उचलणाऱ्या जेकेएलएफचं, म्हणजे जम्मू काश्मीर लिबरेशन फ्रंट या फुटीरतावादी संघटनेचं, म्हणणं एकच, जेलमधली आमची माणसं सोडा. मुख्यमंत्री फारूख अब्दुल्ला याच्या विरोधात होते, एकदा सोडलं की ही रांग थांबणार नाही असं त्यांना वाटत होतं. मग दिल्लीहून दोन केंद्रीय मंत्री विमानाने श्रीनगरला आले, चक्रं फिरली, आणि १३ डिसेंबरला पाच जण सुटले. काही तासांनी रुबैया घरी. श्रीनगरच्या रस्त्यांवर त्या दिवशी जो जल्लोष झाला ना, तो मुलगी सुटली म्हणून नव्हता, ते पाच जण सुटले म्हणून होता.

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच की "देशापुढे मुलगी काय". लिहा, लिहायला काय जातं. आपल्याला शाळेपासून तानाजी शिकवलाय, आधी लगीन कोंढाण्याचं मग रायबाचं, आणि अंगावर काटा येतोच, माझ्याही येतो. पण एक बघा, तानाजीने पोराचं लग्न पुढे ढकललं होतं. रायबाच्या कानाला कुणी पिस्तूल लावलेलं नव्हतं. आणि मेला तो स्वतः, पोराला नाही पाठवलं. स्वतःचा जीव द्यायला निघणं आणि आपल्या माणसाचा जीव जाऊ देणं या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका, प्लीज.

मला स्वतःला विचाराल तर बाप म्हणून मी पाच काय पन्नास सोडले असते. मी हे लपवणार नाही. मग माझा आक्षेप कुठे आहे? तो चार महिन्यांनंतरचा आहे, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. एप्रिल १९९० मध्ये काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू मुशीर उल हक, त्यांचे सेक्रेटरी अब्दुल गनी आणि घड्याळं बनवणाऱ्या एचएमटी या सरकारी कंपनीचे तिथले जनरल मॅनेजर एच. एल. खेरा, तिघांना असंच उचललं. मागणी तीच, आमची माणसं सोडा. या वेळी सरकार ठाम राहिलं. तिघांनाही मारून टाकलं.

म्हणजे तत्त्व होतं हो, देशहित वगैरे सगळं होतं, फक्त ते आठवलं कधी, तर समोर कुलगुरू, कारकून आणि मॅनेजर होते तेव्हा. खेरांच्या घरीही कुणीतरी फोनपाशी बसलेलं असेलच ना? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपण शेजारणीवर हसायला वापरतो, सरकारला लावून बघा एकदा.

लोक विसरत नाहीत पण. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला येणारं इंडियन एअरलाइन्सचं विमान आयसी ८१४ हायजॅक होऊन कंदाहारला गेलं, तेव्हा नातेवाईक पंतप्रधानांच्या घराबाहेर ओरडत होते की मंत्र्याच्या मुलीसाठी सोडता मग आमच्यासाठी का नाही. काय उत्तर देणार? दहा वर्षांपूर्वी तुम्हीच रेट ठरवून ठेवलाय. ३१ डिसेंबरला जेलमधले तीन दहशतवादी सोडले, दीडशेहून जास्त प्रवासी परत आले. त्या तिघांतला एक मसूद अझहर. त्याने पुढच्याच वर्षी जैश ए मोहम्मद काढली, आणि १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले त्याची जबाबदारी याच जैशने घेतली. त्यातले दोघं आपल्या बुलढाण्याचे, एक मलकापूरचा, एक लोणार तालुक्यातला. १९९९ मध्ये त्यांच्या घरच्यांना घेऊन कुणी दिल्लीत मोर्चा काढणार होतं का? त्यांना तरी कुठे माहीत होतं की बिल आपल्या नावावर फाटणारे. हीच तर गोम आहे, वाचणाऱ्याचा फोटो टीव्हीवर असतो, आणि किंमत देणारा अजून दहावीच्या क्लासला जात असतो.

आता एवढं बोललो तर माझंही सांगतो. एप्रिल २०२१, पुणे, बाबा कोरोनाने आयसीयूत, डॉक्टरांनी चिठ्ठीवर रेमडेसिविर लिहून दिलेलं. एका मेडिकलसमोर पहाटेपासून रांग, लोकांनी चपला ठेवून नंबर लावलेले, प्रत्येकाच्या हातात आधारची झेरॉक्स आणि पॉझिटिव्ह रिपोर्ट. मित्राच्या ओळखीने मला मागच्या दाराने दोन व्हायल मिळाल्या. शर्टाच्या आत घालून बाहेर आलो तर रांगेतले एक काका, डोक्याला पंचा बांधलेला, त्यांनी विचारलं, "काय हो, आत स्टॉक आलाय का?"

मी म्हटलं, "नाही काका, काहीच नाही आलेलं."

गाडीला किक मारली आणि निघालो. खरं तर डब्ल्यूएचओचा त्या वेळचा सल्ला हे इंजेक्शन न वापरण्याचाच होता, हे मला नंतर कळलं, म्हणजे त्या दोन व्हायलने काही झालं की नाही तेही देव जाणे. बाबा वाचले, आत्ता हा व्हिडिओ शूट करतोय तेव्हा बाजूच्या खोलीत बातम्या मोठ्याने लावून बसलेत, आवाज येत असेल तुम्हाला. ते काका कुणासाठी उभे होते, बायकोसाठी की मुलासाठी, ते मी विचारलंच नाही.