कुंपणाबाहेरचे सैनिक

नमस्कार मंडळी.

लॉस एंजेलिसमध्ये सॅन विसेंटे नावाचा रस्ता आहे. २०२१ साली तिथल्या फुटपाथवर ओळीनं तंबू लागले होते, प्रत्येकावर अमेरिकेचा झेंडा. आत राहत होते माजी सैनिक. तंबूंच्या पाठीला कुंपण आणि कुंपणापलीकडे साडेतीनशे एकरांहून जास्त सरकारी जमीन. ही जमीन १८८८ मध्ये दान मिळाली होती ती कशासाठी? अपंग सैनिकांना निवारा मिळावा म्हणून! पुढे त्याच जागेवर विद्यापीठाचं बेसबॉल स्टेडियम उभं राहिलं, खाजगी शाळेची मैदानं झाली. फोटो पाहिला तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

लोक म्हणतात, दारू, नशा, युद्धाचा मनावरचा घाव, म्हणून हे रस्त्यावर येतात. काहींचं तसं असतंही. पण २०१० मध्ये देशभरात एका रात्रीच्या मोजणीत सुमारे ७४ हजार माजी सैनिक बेघर सापडले होते, २०२४ मध्ये ३२,८८२. युद्धाचे घाव काही निम्मे झाले नव्हते. सरकारनं घरभाड्याला मदत दिली, सोबत पाठपुरावा करणारा समाजसेवक दिला, आणि आधी घर, मग उपचार असा क्रम लावला.

तरी एक नियम आडवा यायचाच. सैन्यात नोकरी करताना आलेल्या अपंगत्वाची भरपाई 'उत्पन्न' धरली जायची. शंभर टक्के अपंग झालेल्याला भरपाई जास्त, म्हणून तो अनेकदा मदतीसाठीच्या उत्पन्नमर्यादेबाहेर, म्हणून घर नाही! माजी सैनिक या अन्यायाविरुद्ध कोर्टात गेले, संघटनांनी मागणी लावून धरली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भाडे-मदतीच्या योजनेत हा नियम बदलला.

तुम्ही अमेरिकेत असाल तर एक करा. रस्त्यावरच्या माणसाला "तुम्ही माजी सैनिक आहात का?" असं विचारू नका. "सैन्यात नोकरी केलीत का?" असं विचारा. प्रत्यक्ष लढाई न पाहिलेले कितीतरी जण, विशेषतः स्त्रिया, स्वतःला माजी सैनिक म्हणवतच नाहीत. मग डीडी-२१४ची चौकशी करा. हा सेवामुक्तीचा दाखला. तंबू हटवताना पिशवी गेली की हाही जातो, आणि त्याच्याशिवाय बरीच कामं अडतात. राष्ट्रीय अभिलेखागाराकडून त्याची प्रत मोफत मिळते. अर्ज भरायला शेजारी बसा, पत्ता नसेल तर ओळखीच्या संस्थेचा पत्ता लावून द्या. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा, कागद आला का विचारायला.